अकरा पूर्णांक नऊ

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने विज्ञानातली वस्तू हातात घेऊ नये, असा आदेश शिक्षण खात्याने अजून काढलेला नाही. वेळेवर काढला असता तर आमच्या थोरल्या चुलतभावाच्या तुरीवरची फवारणी वेळेवर झाली असती आणि भावकीतला माझा मानही शाबूत राहिला असता.

मी चिखली तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नोकरीला लागल्यापासून ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहितो. गणितातली बॅटरी नेहमी 12 व्होल्टची, रोध 6 ओहमचा आणि उत्तर 2 अँपिअर. ही फळ्यावरची बॅटरी फार गुणी असते. ती उतरत नाही, तापत नाही, फुगत नाही, आणि तिचे पैसे कोणी मागत नाही. तिच्या पोटात तिचा स्वतःचाही थोडा रोध असतो, ही माहिती मी 'परीक्षेला येत नाही' या सदरात टाकून दिली होती. त्या सदरात मी आयुष्यातल्या बऱ्याच महत्त्वाच्या गोष्टी टाकल्या आहेत.

रोबोटचं वेड तसं जुनं. 2008 साली आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात झाली होती. यजमान आपण, म्हणून खेळ ठरला गोविंदांचा. यंत्रांनी उंचावरच्या हंडीतलं लोणी काढायचं. देशोदेशीचे इंजिनीअर होणारे विद्यार्थी आपापले यांत्रिक गोविंदा घेऊन आले आणि चीनचा संघ लोणी घेऊन गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं, की एक दिवस आपल्याही शाळेचा रोबोट असेल. पुण्याला नाही, निदान तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तरी जाईल.

विषय मुलांनीच काढला. फवारणी करणारा रोबोट. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. माणसाऐवजी यंत्र तासातून फिरलं तर काय वाईट? कल्पना उत्तम होती. त्यात मी नसतो तर ती आणखी उत्तम ठरली असती.

सामान आलं. चार पिवळ्या बीओ मोटरी, चाकं, एक लाल रंगाचा मोटर ड्रायव्हर, एक अर्डुइनो बोर्ड आणि पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी. जोडणी आणि प्रोग्रॅम मुलांनी घेतला. बॅटरी निवडायचं काम मी स्वतःकडे ठेवलं, कारण त्यात अक्कल लागत नाही अशी माझी समजूत होती. मोटरीवर लिहिलं होतं 3 ते 6 व्होल्ट. अर्डुइनोला बाहेरून द्यायचे तर 7 ते 12. मी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून 9 वर तडजोड केली. किराणा दुकानात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मिळते, वरती दोन बटणं असलेली. ती आणली. मीटर लावला, 9.2 दाखवले. दोन दशांश जास्तच! दुकानदार सज्जन निघाला असं मी मुलांना सांगितलं.

रोबोट टेबलावर उलटा ठेवून चालू केला. चाकं गरगर फिरली. टाळ्या झाल्या, मी हात वर करून त्या स्वीकारल्या. मग त्याला सरळ करून व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर ठेवलं. त्याने एक हिसका दिला आणि थांबला. बोर्डावरचा दिवा विझला, पुन्हा लागला. पुन्हा एक हिसका. पुन्हा दिवा विझला.

मीटर लावला. 9.1.

"बॅटरी ठणठणीत आहे," मी जाहीर केलं. "प्रोग्रॅममध्ये घोळ आहे." मुलांनी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. तो चालेना म्हणून आणखी वेगळा लिहिला. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, टेबलावर हाच प्रोग्रॅम चालतो की." मी तिला सांगितलं, की टेबल आणि फरशी यांत फरक असतो. हे वाक्य मी त्या अख्ख्या महिन्यात बोललेलं एकमेव शास्त्रीय सत्य होतं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही.

मग वर्गातल्या एका वस्तादाने बॅटरीला जीभ लावून पाहिली. चांगलीच झणझणली. म्हणजे मीटरने पास केली, जिभेनेही पास केली. या जिभेच्या परीक्षेला हसू नका. अलेस्सांद्रो व्होल्टा या इटलीच्या गृहस्थाने 1800 साली जगातली पहिली बॅटरी रचली, तोसुद्धा आधी धातूचे तुकडे जिभेवर ठेवून चव बघत असे. त्याच्या थप्पीत चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या होत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. चांदी म्हटल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला खामगावच आठवणार. मलाही आठवलं. चांदीसाठी नाही, तिथल्या एका बॅटरीवाल्यासाठी. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांत त्याचा हात कोणी धरत नाही असं ऐकून होतो. एका रविवारी रोबोट पिशवीत घातला आणि एसटीने घाट उतरलो.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावरच्या माणसाला वाटतं, हवा आपली चांगली म्हणजे डोकंही आपलंच थंड चालतं. मी घाटावरचा. बॅटरीवाला घाटाखालचा, अस्सल वऱ्हाडी. त्याने माझी चौकोनी बॅटरी दोन बोटांत धरून पाहिली आणि हसला.

"ह्या रेडूच्या पेटीवर गाडी चालवून रायले काय सर?"

मी मीटर काढून त्याला 9.1 दाखवले.

"मीटर खोटं नाई बोलत. तुमी त्याले बराबर इचारलंच नाई. वावरात हीर हाय नं तुमच्या?"

आहे म्हटलं.

"पाणी किती हाय थे दोर सोडून पाह्यता. लय पाणी दिसते. पन मोटर लावली का धा मिंटात तळ. काऊन? झरा बारीक. रातभर सोडून द्या, सकाळी पुना भरेल दिसते. तुमचं मीटर म्हंजे थो दोर हाय सर. मोटर लावून पाहा नं."

त्याने बॅटरीला गाडीच्या इंडिकेटरचा एक बल्ब जोडला आणि जोडलेला असतानाच माझाच मीटर लावला. आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरला. 9 चे 4 झाले, चाराचे तीन. बल्बची तार नुसती लाल होऊन राहिली. त्याने बल्ब काढला, आकडा पुन्हा हळूहळू वर चढू लागला. इतकी वर्षं मी दोर सोडून पाणी मोजत होतो.

परतीच्या एसटीत हिशोब केला. डिजिटल मीटर बॅटरीकडून जेमतेम काही मायक्रोअँपिअर घेतो. चार मोटरी वजन घेऊन जागच्या हलताना मिळून अँपिअरच्या पुढे मागतात. म्हणजे मी ज्या परीक्षेत बॅटरीला पास करत होतो, ती खऱ्या कामाच्या लाखाव्या हिश्श्याएवढीही नव्हती. साध्या झिंक-कार्बनच्या नऊ व्होल्टच्या पेटीत दीड-दीड व्होल्टचे सहा चिमुकले घट एकावर एक बसवलेले असतात. त्यांचा आतला रोध दहा ओहम धरा. एक अँपिअर मागितला तर दहा व्होल्ट आतल्या आतच खर्च होणार. आणि पेटीत होते मुळात नऊ. हिसका बसला की व्होल्टेज पडायचं, बोर्ड बेशुद्ध व्हायचा, मोटरी थांबायच्या, व्होल्टेज वर यायचं, बोर्ड शुद्धीवर येऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचा. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये काडीचा दोष नव्हता. ही गोष्ट मी त्यांना सोमवारी सांगितली. "तांत्रिक कारण सापडलं," एवढ्या शब्दांत.

बॅटरीवाल्याने निघताना सांगितलं होतं, की लिथियमचे सेल घ्या, पण चांगले घ्या. त्यातला पहिला भाग मी पाळला. आठवडी बाजारात टॉर्चवाल्याकडे 18650 नावाचे सेल होते. नावात गूढ काही नाही, 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी. एका सेलचे 3.7 व्होल्ट, पूर्ण भरला की 4.2, आणि 3 च्या खाली उतरू द्यायचा नाही. वेष्टनावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं 9800 मिलिअँपिअर-तास. किंमत वडापावच्या दोन प्लेटींएवढी. मी दोन घेतले आणि वर्गात फळ्यावर लिहिलं: 9800 अधिक 9800, बरोबर 19,600.

"सर," तीच मुलगी. "आपण सेल एकामागे एक जोडतोय ना? मग व्होल्टची बेरीज होईल, 7.4. मिलिअँपिअर-तास तेवढेच राहतील ना?"

एकसर जोडणीत दोन्ही सेलांतून एकच धारा वाहते. दोघे एकाच वेळी भरलेले, एकाच वेळी रिकामे होणार. क्षमतेची बेरीज व्हायला समांतर जोडावे लागतात. हे मीच तिला जुलैत शिकवलं होतं, फळ्यावरच्या गुणी बॅटऱ्यांच्या आधारे. मी खडू हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो आणि मग म्हणालो, "शाब्बास. मी बघत होतो कोणाचं लक्ष आहे."

तिचं लक्ष जरा जास्तच होतं. तिने प्रयोगशाळेतल्या तराजूवर सेल ठेवला. या मापाचा खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, आमचा बराच हलका भरला. मग तिने तो पूर्ण भरून एका रोधातून साधारण एक अँपिअरने उतरवायला लावला आणि घड्याळ बघत बसली. 9800 खरे असते तर तिला रात्रभर बसावं लागलं असतं. ती मधल्या सुट्टीला मोकळी झाली. या आकाराच्या उत्तमातल्या उत्तम सेलचीही क्षमता 3500 च्या आसपासच थांबते. त्याच्या जवळपास तिप्पट आकडा छापायला शाईशिवाय काही लागत नाही. वस्तूवर छापलेल्या आकड्यावर मी आयुष्यभर विश्वास ठेवला, त्यात माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावरचाही आला.

आता मी हट्टाला पेटलो. व्होल्ट एकटे पाहायचे नाहीत, अँपिअर-तास एकटे पाहायचे नाहीत, दोन्हींचा गुणाकार पाहायचा, एवढं मला आता कळलं होतं. नऊ व्होल्टची पेटी म्हणजे अर्ध्या अँपिअर-तासाच्या हिशोबाने फार तर साडेचार वॅट-तास. आणि थोरल्या चुलतभावाच्या, दादाच्या, पाठीवरच्या चार्जिंगच्या फवारणी पंपात बॅटरी असते 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासांची. म्हणजे 96 वॅट-तास! एकवीस पेट्यांचा ऐवज घरातच पडून होता. शिवाय आमच्या रोबोटला फवारायचंच होतं, म्हणजे पंपाची छोटी मोटरही त्याच 12 व्होल्टवर चालणार. दादाला 'शाळेसाठी' एवढंच सांगितलं. शाळेसाठी म्हटलं की आमच्या गावात लोक ट्रॅक्टरही देतात, हिशोब मागाहून मागतात.

96 वॅट-तासांना वजनही असतं, हे मी गुणाकारात धरलं नव्हतं. शिशाची बॅटरी अडीच किलोच्या घरात भरते. ॲक्रिलिकची पाटी आधी वाकली, मग तिने आवाज करून निरोप घेतला. मुलांनी फळीचा तुकडा बसवला. 6 व्होल्टच्या मोटरींना मी थेट 12 जोडले, तेव्हा रोबोट जन्मात पहिल्यांदा सुसाट सुटला आणि व्हरांड्याच्या टोकाला पोचेपर्यंत जळकट वास आला. माझं म्हणणं होतं की तो पॉलिशचा वास आहे. आमच्या व्हरांड्याला पॉलिश कधीच नव्हतं. शेवटी त्या मुलीने प्रोग्रॅममध्येच बंदोबस्त केला. मोटरींना वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत द्यायची, निम्मा वेळ चालू आणि निम्मा बंद, म्हणजे सरासरी सहा पडतात. लाल ड्रायव्हर स्वतःसाठी दोनेक व्होल्ट खातो, तेही तिने धरलं होतं. माझ्याकडून तिने फक्त नवी मोटर आणायचे पैसे घेतले.

मग मात्र रोबोट चालला. खरंच चालला! बाटलीतलं पाणी फवारत व्हरांडाभर फिरला. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही त्याला फिरवत होतो. मुख्याध्यापक आले, त्यांच्या चपला भिजल्या, तरी ते हसले. रात्री बॅटरी काढून दादाच्या घरी गेलो.

"चार्जिंगला लावू का रे?" दादाने विचारलं.

इथे गप्प बसायचं होतं. पण माझ्या खिशात मीटर होता.

मी ऐटीत दोन्ही टोकांना तारा लावल्या. आकडा आला 11.9. "दादा, बारातले अकरा पूर्णांक नऊ शिल्लक आहेत. खर्च झाला एक दशांश. शंभरातले नव्व्याण्णव आहेत म्हणा. कशाला वीज जाळता?"

दादाने माझ्यावर विश्वास ठेवला. मास्तर आहे, शिवाय हातात मीटर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तुरीत उतरला. शेंगा पोखरणारी अळी घाटावर सगळीकडेच पडली होती, औषध कालवून तयार होतं, दोन बाया रोजाने सांगितल्या होत्या. पहिली ओळ अर्धी झाली आणि पंपाचा आवाज बसला. फवाऱ्याची धार झाली, धारेचे थेंब झाले. तिसऱ्या तासाला दादा पंप पाठीवर घेऊन थेट शाळेत आला. माझा नववीवर तास चालू होता. विषय कोणता ते सांगायची गरज नाही.

"मास्तर," दादा दारातून म्हणाला, "तुह्या नव्व्याण्णवात माझी अर्धी ओळ झाली. भेंडवळची घटमांडणी वर्षातून एकदा सांगते आन् तिचं पाहून आम्ही पेरणीचं तरी ठरवतो. तू त्या मीटरात पाहून काय सांगतो रे?"

वर्ग हसला. अक्षय्य तृतीयेच्या भाकितासाठी भेंडवळ प्रसिद्ध आहे. माझ्या भाकितासाठी गावाने स्वतंत्र तिथी ठेवलेली नाही.

खामगावला फोन केला. बॅटरीवाल्याने आकडा ऐकला आणि पलीकडे कोणाला तरी मोठ्याने सांगितलं, "अकरा नऊ म्हंते, आन् भरेल हाय म्हंते!" मग मला समजावलं. शिशाच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा घट असतात. पूर्ण भरलेली आणि निवांत ठेवलेली असेल तर ती 12.7 च्या आसपास दाखवते. निम्मी उतरली की 12.2. आणि 11.9 म्हणजे जवळजवळ तळ. भरलेली आणि रिकामी यांच्यातलं अंतर पुरतं एक व्होल्टही नाही, आणि मी 0 पासून मोजत बसलो होतो. वर बॅटरी तशीच रात्रभर उपाशी ठेवली. रिकामी राहिली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ते सहज सुटत नाहीत. दादाची बॅटरी आधीच जुनी होती. तिला माझ्या व्हरांड्याने पोचवली.

एक गोष्ट मला तरीही टोचत होती. रोबोट आणि पंप मिळून चारेक अँपिअर घेत होते. 8 भागिले 4 म्हणजे दोन तास मिळायला हवे होते, मिळाला एक तास आणि वर थोडा. पुस्तकं काढली. बॅटरीवर छापलेले 8 हे वीस तासांच्या बोलीवर छापलेले असतात, म्हणजे 0.4 अँपिअर असे सावकाश घेतले तरच. घाईने उपसलं तर हातात कमी पडतं. विल्हेल्म पॉइकर्ट नावाच्या जर्मन माणसाने 1897 सालीच याचं सूत्र मांडून ठेवलं आहे. त्याला माझ्यासारखा कोणी भेटला असावा.

नवी बॅटरी घेऊन दिली. पैशांबद्दल दादा काही बोलला नाही, वहिनी बोलल्या.

प्रदर्शनात रोबोट व्यवस्थित फिरला. परीक्षकांनी आपल्याकडे गाडीबद्दल विचारतात तेच विचारलं, "ॲव्हरेज किती देतो?" मी तोंड उघडणार एवढ्यात त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं. ती म्हणाली, "मोकळा फिरवला तर तीन तास, पंप चालू ठेवला तर एक तास. त्यापुढे चालवायचा नाही, बॅटरी मरते." परीक्षकांनी हे लिहून घेतलं. नंबर सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीला मिळाला.

पण त्या दिवसापासून गावात शाळेचं नाव झालं. आता लोक पंपाची बॅटरी घेऊन शनिवारी दुपारी व्हरांड्यात येतात. ती मुलगी बॅटरीला 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावते, मीटर जोडलेलाच ठेवते आणि आकडा 10.5 वर आला की बल्ब काढते. नवी असेल तर तीन तासांहून जास्त टिकते. तासाभरात उतरली तर ती मालकाला सांगते, "काका, ही गेली." तिचं कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. दादासुद्धा बॅटरी घेऊन आला. माझ्या अंगावरून पुढे जाऊन त्याने ती तिच्या हातात दिली.

मला तिने एक काम दिलं आहे. बल्ब लावला ती वेळ आणि काढला ती वेळ वहीत लिहायची. मीटरला हात लावायचा नाही. परवा एका शेतकऱ्याची बॅटरी लावली, व्हरांड्यातल्या घड्याळात बघून मी लिहिलं, 3 वाजून 20 मिनिटं. मग पेपर तपासत बसलो. बरंच तपासून झालं, ऊन व्हरांड्यातून उतरलं, शिपाई कुलपं घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "सर, 10.5 झाले. वेळ?"

मी वर पाहिलं. 3 वाजून 20 मिनिटं.

तिने स्टूल ओढलं, घड्याळ खाली काढलं आणि मागचा सेल काढून माझ्या हातात ठेवला. मी सवयीने मीटरकडे हात नेला.

"सर," ती म्हणाली.